चार वाजताच्या बातम्या

शाल्मलीला मोकळेपणात पाचपैकी दोन पूर्णांक एक मार्क मिळाले आणि तिथून तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला ना, तो ऐकाच.

ही शाल्मली पुण्याची, सहकारनगरातली. एकतीस वर्षांची. बंगळुरात येऊन दीड वर्ष झालेलं. राहायला सर्जापूर रोडला आणि ऑफिस हेब्बाळला, म्हणजे रोज जाऊन-येऊन साडेतीन तास कॅबमध्ये, आणि वर कॅबवाला दर सिग्नलला "स्वल्प ट्रॅफिक, मॅडम" म्हणणार. कसलं स्वल्प! तिची कंपनी शाळेच्या बसचं ॲप बनवते. पोरगं बसमध्ये चढलं की आईला कळतं, बस कुठे अडकलीय तेही कळतं, आणि या गावात बस कुठे ना कुठे अडकलेलीच असते, त्यामुळे धंद्याला मरण नाही. त्या ॲपच्या सात जणांच्या टीमची शाल्मली लीड. या लीडपदासाठी तिने पुणं सोडलं होतं. बाबांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते, अगदी ज्यांच्याशी पार्किंगवरून भांडण होतं त्यांनासुद्धा.

आणि लीड म्हणून ती वाईट होती का? अजिबात नाही! कुणावर ओरडायची नाही, कुणाची सुट्टी अडवायची नाही. फक्त मीटिंगमध्ये चेहरा असा, की बँकेच्या काउंटरवर बसलीय आणि जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं आहेत. "ऑल गुड, टीम. वुई आर ऑन ट्रॅक." झालं. उठली. गेली.

मग कंपनीने फॉर्म काढला. नाव न लिहिता भरायचा. त्यात प्रश्न, तुमच्या लीडच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळतं का? त्याचे हे दोन पूर्णांक एक.

एचआरच्या अहल्या मॅडमनी तिला बोलावलं, आधी पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच शाल्मलीने ओळखलं, बातमी वाईट आहे.

"तुझ्या टीमला तू कळतच नाहीस," मॅडम म्हणाल्या. "सहा आठवडे कोच देतोय. त्यात सुधारलं नाही, तर पद्मनाभ सर लीड बदलणार. मी स्पष्टच सांगते."

पद्मनाभ सर म्हणजे तिचे वरचे साहेब. हसले तरी कुणाला कळत नाही असे.

आणि कोच कोण, तर प्रणीत. अंधेरीचा. पांढरे बूट, आणि प्रत्येक वाक्यानंतर छातीवर हात. रोज चार ते साडेचार याच्यासमोर बसायचं. आता चार म्हणजे नेमकी शाल्मलीची स्वतःची वेळ! रोज चारला ती पाचव्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत, खिडकीपाशी उभी राहून पुण्याला मोठ्या बहिणीला, संपदाताईला, फोन करायची आणि दिवसभराची वाफ काढायची. मराठीत, खुल्या आवाजात, कारण हेब्बाळला मराठी कळतंय कुणाला? तिथे असायचा फक्त तिच्याच टीममधला हयवदन. कोपऱ्यातल्या टेबलावर डबा उघडून, मान खाली घालून खात बसलेला. त्याचं नाव हयवदन राव, म्हणजे कन्नड, विषय संपला. तर तो फोन बंद झाला आणि तिच्या वाट्याला प्रणीत आला.

प्रणीतने तिला वाक्यांचा एक कागद दिला. गाळलेल्या जागा भरायच्या. 'मला अमुक वाटलं, कारण तमुक, आणि त्यातून मी शिकले की ढमुक.' दर सोमवारी टीमसमोर उभं राहून मनातलं एक काहीतरी सांगायचं. पहिल्या सोमवारी शाल्मलीने सांगितलं, मला पालीची भीती वाटते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुप्रसाद, टीममधला सगळ्यात जुना माणूस, चष्मा सारखा करून गंभीरपणे म्हणाला, "माझ्याकडे पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आहे." दुसऱ्या सोमवारी सांगितलं, चौथीत गॅदरिंगला मी माझं वाक्य विसरले होते. पुन्हा टाळ्या.

"छान," प्रणीत म्हणाला. "पण डोळ्यांत पाणी आलं असतं तर?"

"गॅदरिंगवरून?"

"तू अडवतेयस, शाल्मली. कुणाला अडवतेयस?"

'तुला,' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. मग तिसऱ्या सोमवारी ती स्वतःच्या लग्न न ठरण्याबद्दल बोलली, आणि चौथ्या सोमवारपर्यंत तर तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून मांजर मेल्याचं सांगितलं. मांजर शेजाऱ्यांचं होतं!

आणि चार आठवड्यांनी मधला फॉर्म आला. मार्क किती? एक पूर्णांक नऊ.

कमी झाले! बाई चार आठवडे आतडी बाहेर काढून दाखवतेय, आणि मार्क कमी! तिने लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की निहारच्या, म्हणजे टीममधल्या सगळ्यात नव्या पोराच्या, हातातली कॉफी सांडली. दुसऱ्या दिवशी पद्मनाभ सरांचा आढावा होता. तिथे दोन गोष्टी निघणार, नऊ शाळांत ॲप सुरू करायची ठरलेली तारीख, एक जून, आणि हे मार्क. सहा आठवडे व्हायच्या आधीच मार्कांवरून लीडपद जाणार हे दिसतच होतं.

त्या दिवशी चारला प्रणीतचा मेसेज आला, की तो हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर अडकलाय, सेशन रद्द. शाल्मली सरळ पाचव्या मजल्यावर. खिडकी. फोन.

"ताई, मला वेड लागेल. एक नऊ! मांजर मारलं मी त्यांच्यासाठी!"

"अगं शाले, हळू बोल. कुठलं मांजर?"

"सोड ते. उद्या तो पद्मनाभ विचारणार, एक जूनला सगळ्या शाळा सुरू होतील ना? आणि मी काय म्हणणार? ऑल गुड! कसलं ऑल गुड, ताई! बस सर्जापूरला आणि ॲप दाखवतंय इथल्या शिवाजीनगरला. एक जून सोड, एक ऑगस्टलासुद्धा होणार नाही हे."

"ऑगस्ट नव्हे अक्का, सप्टेंबर."

हे ताई बोलली नव्हती.

शाल्मली वळली. कोपऱ्यातल्या टेबलावर हयवदन दहीभात कालवत होता. मान खालीच.

"ताई, मी नंतर करते," म्हणत तिने फोन ठेवला. "तुला... तुला मराठी येतं?"

"येतं म्हणजे काय? घरात तेच बोलतो की. अप्पा, अम्मा, सगळे. शहाजीराजांच्या मागून आमचे लोक आले इथं. परत जायचं कुणास सुचलंच नाही."

"मग दीड वर्षात बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. इंटरव्ह्यूत कोडिंगची भाषा विचारलीत, जावा सांगितली." त्याने एक घास घेतला. "आणि मध्ये बोलायचं कसं? तुम्ही अगदी रंगात आलेल्या असता."

शाल्मलीने खुर्ची ओढली आणि बसली. दीड वर्ष. रोज चार वाजता. तिला एकेक आठवायला लागलं आणि एकेकाला कानाच्या पाळ्या गरम होत गेल्या. गुरुप्रसादला ती लोणचं म्हणायची, नुसता बरणीत मुरत बसतो म्हणून. श्यामला, जी नकाशाचं काम बघते, तिला आगाऊ म्हणायची. आणि हा समोरचा तर मौनीबाबा.

"कुणाला सांगितलंस?"

हयवदनने आता वर पाहिलं. बिचारा खरंच अवघडला.

"साडेचारला सांगत असे. सगळे माझ्या टेबलाशी जमत. गुरुप्रसाद तर आधीच येऊन बसायचा."

"अरे देवा! का पण?"

"मग काय करायचं, अक्का? मीटिंगमध्ये तुम्ही म्हणता एक जून, ऑल गुड. फोनवर म्हणता, होणारच नाही, मी साहेबांना घाबरून हो म्हणाले. काम कशावर ठरवायचं? आम्ही फोनचं धरलं. एप्रिलपासून सप्टेंबरच्या हिशोबानंच करतोय सगळं. बरं चाललंय."

"आणि मार्क? ते एक नऊ?"

"चार आठवडे तुम्ही चारला त्या कोचकडे. बातम्या बंद. सोमवारी पाल, मांजर. आता त्यावरून बसचं काय कळणार? मार्क कोण देणार?"

शाल्मलीला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर? त्याच्यावर, प्रणीतवर, की फॉर्मवर? आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं बरोबर होतं. टीमला तिच्या मनातलं जे कळायला हवं होतं ते तिने रोज, ठणठणीत आवाजात, पुण्याला सांगितलं होतं.

"उद्या काय बोलू मी?" ती शेवटी म्हणाली.

"फोनवर बोलता तसं बोला." हयवदनने डब्याचं झाकण लावलं. "शिव्या तेवढ्या वगळा."

दुसऱ्या दिवशी अकराला आठव्या मजल्यावरच्या मीटिंगरूममध्ये सगळी टीम. टेबलाच्या टोकाला पद्मनाभ सर, त्यांच्यापुढे दोन कागद. एक तारखांचा, एक मार्कांचा.

"एक जून," सर इंग्रजीत म्हणाले. "नऊ शाळा. ऑन ट्रॅक?"

शाल्मली उभी राहिली, आणि बघा ना, इतकं ठरवून आली होती तरी तोंडातून काय निघावं? "सर, मला असं वाटलं, कारण..." ती गाळलेली जागा! चार आठवड्यांत जिभेलाच वळण लागलेलं.

"हो की नाही?"

"नाही."

सरांनी कागदावरून मान वर केली.

"नाही होणार, सर. नऊ शाळा जूनमध्ये शक्य नाही. बसची जागा चुकीची दिसतेय. आई गेटवर उभी राहील आणि पोरगं भलतीकडेच असेल. सप्टेंबर लागेल."

"फेब्रुवारीत तू हो म्हणाली होतीस. याच खोलीत."

"घाबरून म्हणाले होते. तुम्ही भुवई उचलली होती."

सरांनी आत्ताही उचलली. खाली ठेवली. मग दुसरा कागद पुढे ओढला. "एक पूर्णांक नऊ. तारीख नाही, टीमचा विश्वास नाही. गुरुप्रसाद, सोमवारपासून लीड तू. एक जून."

शाल्मलीने टेबलाची कड घट्ट धरली. पुणं, पेढे, दीड वर्ष, साडेतीन तासांची ती रोजची कॅब, सगळं एका वाक्यात गेलं होतं.

गुरुप्रसादने चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला. इतका वेळ लावला की शाल्मलीला तेही असह्य झालं. "सर, मी पण सप्टेंबरच म्हणणार."

"श्यामला?"

"सप्टेंबर."

"निहार?"

निहारला लागून जेमतेम तीन महिने झालेले. "स... सप्टेंबर, सर."

सरांनी टेबलाभोवती सातही जणांना विचारलं. सातही वेळा सप्टेंबर. हयवदनने तर वर सांगितलं की काम त्याच हिशोबाने चाललंय, यादी दाखवू का?

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," सर हळू आवाजात म्हणाले, "आणि मला नाही."

"माझी चूक, सर," शाल्मली म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं नाही. खरं म्हणजे त्यांनाही मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकलं!"

कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं. सरांनी दोन्ही कागद उलटे करून ठेवले.

"जूनमध्ये काय दाखवता येईल?"

"एक शाळा. पण नीट चालणारी."

"बाकीच्या आठ शाळांना कोण सांगणार?"

"मी सांगते. आजच."

सर उठले. लॅपटॉप उचलला. "मग लीड तूच राहा. जून म्हणणारा माणूस तर माझ्याकडे उरलेला नाही." आणि दार उघडून गेले.

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. निहार टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. शाल्मली खुर्चीत कोसळली, आणि म्हणजे आता कुठे तिला जरा बरं वाटत होतं, तेवढ्यात श्यामला पेन खालीवर करत म्हणाली, "शाल्मली, एक सांगू? सप्टेंबर पण नाही होणार. नकाशावाल्यांचा नवा डेटा ऑगस्टच्या शेवटी येतोय. ऑक्टोबर धरावा लागेल."

"काय?" शाल्मली ताडकन उठली. "हे तू आत्ता सांगतेस? ते बाहेर गेल्यावर?"

"त्यांनी विचारलं तेव्हा मलाही भीती वाटली." श्यामला तिच्याकडे बघून ओशाळं हसली. "तुला सांगावंसं वाटलं."

शाल्मलीने कपाळावर हात मारला. डोक्याची शीर तडतडत होती. दोन मिनिटं झाली नव्हती लीडपद वाचून, दोन! उद्या सांगता आलं असतं. ईमेल करता आला असता, छान गुळगुळीत, खाली रिगार्ड्स. ती दारापर्यंत गेली, परत आली, आणि मोठ्याने मराठीत काहीतरी बोलली, जे हयवदनने कुणालाही भाषांतर करून सांगितलं नाही.

मग ती पळाली. कॉरिडॉरमध्ये लिफ्टचं दार मिटत होतं. तिने पाय घातला. दार दणकलं, उघडलं. आत पद्मनाभ सर एकटेच.

"आता काय?"

शाल्मली आत शिरली. दार मिटलं. खाली पोचायला आठ मजले होते, आणि सातवा यायच्या आतच तिने तोंड उघडलं.