आतली पिन

सकाळपासून कडूबाला एका जागी बसवत नव्हतं. चिकलठाण्याच्या शेडमध्ये जमिनीत रोवलेल्या लोखंडी चौकटीवर नऊ सिलिंडरचं विमानाचं इंजिन बसवलं होतं आणि आज ते पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशांवरून ते हुबेहूब घडवायला दोन वर्षं गेली होती. इंजिनाची तऱ्हाच न्यारी. मधला दांडा जागच्या जागी राहतो आणि सिलिंडरच पंख्यासकट गरगर फिरतात.

शेड हिमानीची. कडूबा वैजापूरकडचा, तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात, साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये काढून निवृत्त झालेला. शेडमधलं बारीक काम त्याच्याशिवाय कुणाच्या हाती ती देत नसे.

"काका, एरंडेल भरलं," ती म्हणाली. या इंजिनाला साधं ऑइल चालत नाही, ते पेट्रोलमध्ये विरघळून जातं.

कडूबानं सगळे प्लग काढले आणि पंखा हातानं हळूहळू फिरवला. खालच्या सिलिंडरांत साचलेलं तेल गळून गेलं. कुठं अडलं नाही, कुठं खरखरलं नाही. त्यानं प्लग परत बसवले आणि तिथंच उभा राहिला.

पंख्यामागच्या झाकणाच्या आत एक मोठा नट होता. तो सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन घालायची असते. गुरुवारी नट आवळल्याचं त्याला आठवत होतं. तळहातावरची पिनही आठवत होती. त्यापुढचं काहीच नाही.

इंजिन ज्यांच्यासाठी घडवलं त्या बेंगळुरूच्या संग्रहालयातून आलेला मिहिर कॅमेरा लावून तयार होता. "करायचं का सुरू? तीनला माझं विमान आहे."

कडूबा फडकं घेऊन पुसलेलेच सिलिंडर पुन्हा पुसत राहिला. परवा त्यानं एकाच सकाळी दोनदा आंघोळ केली होती. मागच्या महिन्यात सख्ख्या मेहुण्याचं नाव ओठावर येईना. दोन्ही वेळा बायकोसमोर, सरूबाईसमोर, त्यानं हसून वेळ मारून नेली होती. आता बोललं तर ते सगळं चारचौघांत येणार. आणि नाही बोललं, अन् पिन नसली तर? मिनिटाला हजार फेरे घेणारं ते धूड सुटलं असतं, आणि स्विचपाशी हिमानी उभी राहणार होती.

"ताई, थांबा," तो म्हणाला. "आतली पिन घातली का नाय, मला आठवंना."

"तुम्ही कसे विसराल, काका?"

"इसरतो. हल्ली लई इसरतो. सरूबाई घरी म्हणती, मीच कानाआड करतो."

 हिमानीनं पाना उचलला.

"उघडायला किती वेळ?" मिहिरनं विचारलं.

"दोन तास. तुम्ही तिकीट बदलून घ्या," हिमानी म्हणाली.

पंखा उतरवला, झाकण काढलं. पिन जागेवर होती. तिची दोन्ही टोकं नीट दुमडलेली, अगदी कडूबा दुमडायचा तशी.

मिहिरनं सुस्कारा सोडला. "म्हणजे उगाच उघडलं."

कडूबा मात्र दुमडलेल्या टोकांवरून बोट फिरवत राहिला. पिन नसती तर एक चूक झाली म्हणून सोडून देता आलं असतं. इथं काम चोख झालं होतं, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

परत जोडताना हिमानी एकेक पायरी मोठ्यानं वाची, तो करी, आणि ती तिथं लाल रंगाचा ठिपका ठेवी. त्याच्या हातावर असा पहारा तिनं पूर्वी कधी ठेवला नव्हता. ठिपक्यागणिक तो कासावीस होई, तरी थांब म्हणाला नाही.

अडीच वाजता प्रत्येक सिलिंडरात थोडंथोडं पेट्रोल घातलं. हिमानी स्विचपाशी गेली. कडूबानं पंख्याला हिसका दिला आणि झटकन मागं सरला. काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या हिसक्याला इंजिन कडाडलं, निळा धूर उसळला, एरंडेलाचा उग्र वास घशात गेला आणि नऊच्या नऊ सिलिंडरांची एक चकती होऊन गेली. पत्रे थरथरले. हिमानीनं चाळीस सेकंदांनी ते बंद केलं. मिहिर टाळ्या वाजवत होता. कडूबाची नजर मात्र झाकणावरून हललीच नव्हती.

हात धुताना हिमानीनं विचारलं, "डॉक्टरकडे मी येऊ सोबत?"

"आधी सरूबाईला सांगतो."

"उद्या याल ना?"

"येतो. पण शेवटची तपासणी यापुढं तुमची."

तिनं मान डोलावली. आपली स्कूटर शेडमध्येच ठेवून तो तिच्या गाडीत बसला. जालना रोडवरच्या दुकानांच्या पाट्या तो घर येईपर्यंत मनातल्या मनात वाचत राहिला, एकही न सोडता.