नोव्हेंबरातला सूट

इवासेने आत येऊन दार लावलं, दोन्ही हात मांड्यांशी घट्ट धरले आणि कमरेत वाकून तो म्हणाला,

"इतकी वर्षं सांभाळून घेतलंत. आभारी आहे."

टेबलामागे बसलेला प्रशिक्षक शिओमी अर्धवट उठला आणि तसाच थांबला. इवासे काळ्या सुटात होता. टायची गाठ डावीकडे सरकलेली. बारा वर्षं या क्लबचा गोल राखणारा हा माणूस एखाद्याच्या लग्नालासुद्धा ट्रॅकसूटवर जाईल असा. तो सकाळी दहा वाजता सुटात का आला, हे कळायला शिओमीला क्षणभर लागलं.

जपानी फुटबॉलमध्ये हंगाम संपला की नोव्हेंबरात फोन येतो. 'उद्या दहाला ऑफिसात या.' एवढंच. कारण कोणी सांगत नाही, कोणी विचारतही नाही. खेळाडू सूट घालून येतो, पुढच्या वर्षी आपली गरज नाही हे ऐकतो, वाकतो आणि जातो. काल शिओमीने नेमके तेच शब्द वापरले होते. त्याला सांगायचं होतं ते भलतंच: इवासेचा करार एका वर्षाने वाढवला होता. ही बातमी समोर बसवून सांगावी, त्याचा चेहरा बघावा, म्हणून फोनवर तो काही बोलला नाही. हौस, दुसरं काय!

निदान शिओमीला तरी हे सुचायला हवं होतं. अकरा वर्षं तो याच क्लबचा स्ट्रायकर होता. गुडघा गेला त्या नोव्हेंबरात त्यालाही फोन आला, तोही एका कारकुनाचा. त्या वेळचा प्रशिक्षक दिवसभर कुठे दिसलाच नाही. मग शाळेतल्या पोरांना खेळ शिकवणं, प्रशिक्षकाच्या परवान्याच्या परीक्षा, दुय्यम प्रशिक्षकाच्या नोकऱ्या, आणि गेल्या वर्षी याच क्लबचं मुख्य प्रशिक्षकपद. पहिल्याच वर्षी संघ खालून तिसरा आला.

"बस ना," शिओमी म्हणाला.

"नको, उभाच बरा. बसलो तर पंचाईत होईल." इवासे हसला. "कालच बायकोला सांगून टाकलं. म्हणाली, सुटले बाई, आता तरी बोटं शाबूत राहतील तुमची. आमच्या म्हाताऱ्यालाही कळवलं. आणि खरं सांगू शिओमीसान? तुम्ही स्वतः फोन केलात, ते फार बरं वाटलं."

टेबलाच्या कडेला नेझू बसला होता. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं हे क्लबमध्ये तो ठरवत असे. कालच त्याची आणि शिओमीची चांगली जुंपली होती. शेवटी नेझू म्हणाला होता, "छत्तीस वर्षांचा गोलकीपर तुमच्या हट्टापायी ठेवतोय. पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरलो, तर त्याच्याआधी तुम्ही घरी जाल."

शिओमीने तोंड उघडलं. एक वाक्य पुरेसं होतं. अरे वेड्या, तू राहतोयस. त्याने नेझूकडे पाहिलं. नेझूने सावकाश टेबलावरचा कराराचा कागद उचलला आणि फायलीखाली सारला.

"आम्हालाही वाईट वाटतंय, इवासेसान," नेझू म्हणाला.

शिओमीला हायसं वाटलं. वाटलं खरं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली. पण ती शिसारीही त्याने गिळली.

"कोच, एकच विचारू?" इवासेने टाय चाचपला. "शेवटच्या मॅचमधला तो डाव्या कोपऱ्यातला गोल. मला उशीर झाला का? अगदी खरं सांगा. तुम्ही सांगितलंत की मनाला पटेल, मग घरी बसून कुढणार नाही."

शिओमीने त्या गोलचं चित्रण चार वेळा पाहिलं होतं. चेंडू आपल्याच बचावपटूच्या टाचेला लागून वळला होता. तो अडवणारा गोलकीपर अजून जन्माला यायचा होता.

"थोडा झाला," शिओमी म्हणाला.

"झाला ना?" इवासेचे खांदे सैल पडले. "मला वाटलंच होतं. बाकी सगळे नाही नाही म्हणत होते, बायकोसुद्धा. बरं झालं सांगितलंत."

तो पुन्हा वाकला. शिओमी टेबलामागून बाहेर आला आणि त्याच्यासमोर वाकला, त्याच्याहून खाली, आणि तसाच राहिला. इवासे सरळ झाला, थांबला, अवघडला. त्याने नेझूकडे पाहिलं. नेझू खिडकीबाहेर बघत होता. मग इवासेने पुढे होऊन शिओमीच्या खांद्याला हात लावला.

"हे काय कोच, मान वर करा," तो हळूच म्हणाला. "तुमचा काय दोष यात?"