बीकोच्या बंडीचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दया, माया, राग, लोभ यांतलं माझ्याकडे काही नाही. माझ्यावर ठेवाल त्याचं वजन सांगायचं आणि उचललंत की शून्यावर यायचं, एवढंच मला येतं. माझी गोष्टही मी तशीच सांगणार आहे. रडारड होणार नाही.

तैचुंगच्या कारखान्यात मला बनवलं ते तान्ह्या बाळांसाठी. तिकडे दक्षिणेला, पिंगतुंगच्या एका प्रसूतिगृहात बरीच वर्षं मी बाळं तोलली. पुढे बाळं कमी होत गेली, बाबागाड्यांतून कुत्री-मांजरं हिंडायला लागली आणि प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. मग मला जनावरांच्या एका मोठ्या दवाखान्यानं नेलं. बाळ रडतं, मांजर फिस्कारतं. आकडा दोघांचाही येतो. मला काही फरक पडला नाही.

तिथल्या डॉक्टर लो माझं भारी कौतुक करायच्या. पितळी वजनं ठेवून मला तपासायच्या आणि म्हणायच्या, "माणसं थापा मारतील, हा नाही मारायचा." म्हणून त्यांनी आपल्या संशोधनासाठी मलाच निवडलं. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं थकतात, त्यावर एक नवं औषध होतं. लोकांनी आपापली मांजरं दर बुधवारी आणायची, डॉक्टरांनी वजन करून त्या हिशोबानं औषध द्यायचं. जे मांजर फार हडकेल त्याला हे औषध झेपायचं नाही, म्हणून ते संशोधनातून बाहेर. असा नियमच होता.

तुंगकांग बंदरावरून सूचू आजी यायच्या. स्कूटरवर पुढ्यात टोपली, टोपलीत बीको. बीको हा पिवळा बोका. चिकट भाताच्या वडीसारखा अंगाला चिकटतो म्हणून आजोबांनी त्याला त्या वडीचंच नाव ठेवलं होतं. आजोबा मासेमारी करायचे. ते वारले, बोका मागे राहिला. आजी डॉक्टरांसाठी पिशवीभर जामची फळं आणायच्या आणि दर खेपेला तेच विचारायच्या, "आम्हाला काढत नाही ना हो?"

"खात असेल तर कशाला काढू, आजी?"

"खातो की! माझ्या ताटातलंसुद्धा सोडत नाही मेला."

हे खरं नव्हतं. हवा गार झाली तसा बीको निळी विणलेली बंडी घालून यायला लागला. डॉक्टर ती काढायला गेल्या तर आजींनी त्यांचा हातच धरला. "राहू द्या हो. तपासणीसाठी पोट भादरलंय तुम्ही त्याचं. म्हातारपणी गारठा बाधतो. आणि बंडीचं वजन ते असं कितीसं!"

डॉक्टर हसल्या. एवढ्या वयाच्या बाईशी कोण हुज्जत घालणार? त्यांनी बंडीसकट वजन घेतलं. पुढच्या बुधवारी आकडा तोच आला, त्याच्या पुढच्याही. "शाबास रे पठ्ठ्या!" डॉक्टर म्हणाल्या. माझ्यावर होतं तेवढं मी दाखवत होतो. त्यात बोक्याचं किती, हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

मग एका बुधवारी बीको मान टाकून आला. ओकत होता, पाणीसुद्धा घेत नव्हता. डॉक्टरांनी काही न विचारता बंडी काढली आणि माझ्यावर टाकली. ठक्क असा आवाज झाला. लोकरीचा असा आवाज होत नाही. डॉक्टरांनी शिवण चाचपली. आत शिशाचे मणी होते, जाळं बुडावं म्हणून कोळी लावतात ते.

"आजी, हे काय आहे?"

"आमच्या ह्यांच्या जाळ्याचे आहेत," आजी खाली बघत म्हणाल्या. "घरात पडूनच होते."

"अहो, वजनावर औषध देते मी! या हाडांच्या सापळ्याला धडधाकट बोक्याचं औषध गेलं. पहिल्याच दिवशी समजावलं होतं ना मी? तुम्ही मान डोलावलीत!"

"डॉक्टर बोलतात तेव्हा मान डोलवायची असते, बाई. मला एवढंच कळलं की हा हडकला तर तुम्ही काढाल. काढल्यावर याच्याकडे बघणार कोण? म्हणजे मीच मारलं की हो याला."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "अजून मेला नाहीये तो. धरा त्याला नीट."

नवं औषध बंद झालं. बीको संशोधनातून बाहेर गेला, पण त्याचा बुधवार सुटला नाही. डॉक्टर त्याला कातडीखाली सलाईन द्यायच्या. "बाहेर काढणं म्हणजे हाकलणं नव्हे, हे मी सांगायला हवं होतं," त्या एकदा आजींना म्हणाल्या. बीको थोडा सावरला, माशाची पेज चाटायला लागला. बंडीशिवाय तो माझ्यावर बसे तेव्हा आकडा इतका खाली येई की आजी भिंतीकडे बघत राहत. नववर्षाच्या सुमारास आजोबांच्या खुर्चीत तो गेला. औषधानं की आजारानं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी आजी टोपलीशिवाय आल्या. बंडी तेवढी आणली होती. ती त्यांनी माझ्यावर ठेवली.

"मागची वजनं दुरुस्त करून घ्या. कुठल्या खेपेला किती मणी शिवले ते मला पाठ आहे. तुमच्याकडे खोटं राहिलं तर उद्या दुसऱ्या कुणाच्या मांजराला जास्तीचं औषध जायचं."

कात्रीनं टाके उसवत त्या मणी काढत गेल्या. "हा शेवटच्या बुधवारचा. हे दोन त्याच्या आधीचे." मी कमी कमी दाखवत गेलो. मणी संपल्यावर त्यांनी बंडीही उचलली. मी शून्यावर आलो.

"झालं बरोबर?"

"झालं, आजी."

मग आजींनी माझ्या रिकाम्या तबकावर हात ठेवला, बीको बसायचा तिथे. हात दाबत गेला तसे आकडे चढत गेले, पार बीको धट्टाकट्टा होता तिथवर. मी ते सगळे दाखवले. ते कुणी लिहून घेतले नाहीत.

त्यांनी हात उचलला, पण मी शून्यावर आलो नाही. थोडेसे ग्रॅम तसेच राहिले. डॉक्टरांनी बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मेकॅनिक म्हणाला, "जुना झालाय, बाई, आता नवा घ्या." तेव्हापासून मी कोठीच्या खोलीत, मांजरांच्या खाद्याच्या पिशव्यांमागे आहे.

मित्रांनो, मला काही वाटत नाही, हे मी आधीच सांगितलंय. तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. आपलं जनावर काट्यावर ठेवाल तेव्हा त्याच्या अंगावर काही ठेवू नका. ते हडकलं असेल तर हडकलेलं दिसू द्या. आणि भीती वाटत असेल तर ती डॉक्टरांना सांगा, बंडीत शिवू नका.