शंभराच्या घराचा डोळा

आसगावच्या मंडईच्या जत्रेत माणसं जमायच्या आधी मशीनचे पाचही डोळे तपासून व्हायला हवे होते, आणि योगेंद्र काही टेम्पोतून खाली उतरायला तयार नव्हता.

"तूच पाह्य दामिनी," स्टिअरिंग धरून तो म्हणाला. "माह्या हातानं काई धड होऊन नाई राह्यलं."

असा आवाज तो फक्त तापात काढायचा. दामिनीनं नवऱ्याशी वाद घातला नाही. स्क्रू खोलायचा पेचकस घेतला आणि पिनबॉलच्या मशीनकडे वळली.

नागपुरातलं एक गेमचं दुकान बंद पडलं, तेव्हा ही मशीन त्यांच्या घरी आली होती. दांडा ओढून सोडला की लोखंडी छर्रा वर उसळायचा आणि खिळ्यांवर ठेचकाळत खाली यायचा. वाटेत पाच घरं. त्यातलं सगळ्यात वरचं, सगळ्यात अवघड, शंभराचं. त्यात छर्रा गेला की घंटी वाजायची, आकडा पडायचा, आणि खेळणाऱ्याला झाकणाचा स्टीलचा डबा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, त्या सगळ्या हंगामात ही मशीनच त्यांची शेती होती.

आधी घरांमध्ये पत्र्याचे खटके होते, पण ते मंडईच्या धुळीनं अडकायचे. मग दामिनीनं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून, चार बोटं भाजून घेऊन, प्रत्येक घरात सेन्सर बसवला. एका बाजूनं न दिसणारा उजेड निघतो, समोरची बाजू तो झेलते. मधून छर्रा गेला की उजेड तुटतो आणि तुटता क्षणी एकदाच घंटी वाजते. इन्फ्रारेड हा शब्द काही घरात कोणाच्या जिभेवर बसला नाही. सगळे आपले 'डोळा' म्हणत.

मागच्या गावच्या मंडईत या डोळ्यानंच घात केला होता. तेजराम नावाचा आसगावचाच एक माणूस म्हणाला, माझा छर्रा शंभरात गेला. घंटी मात्र वाजली नाही. घरात गेलेला काय, हुकलेला काय, छर्रा शेवटी आतल्या आतच खाली पडतो, त्यामुळे घंटीशिवाय साक्षीदार कोण? तेजराम हटून बसला, माणसं गोळा झाली, आणि झुरळ मारतानाही दोनदा विचार करणारा योगेंद्र चारचौघांत ओरडला, "मशीन खोटी नाई बोलत, तूच खोटा हायेस!" त्यावर गर्दीतून शब्द आला : चोर. तो शब्द त्यांच्या टेम्पोच्या आधी आसगावला पोचला होता.

मंडई समितीचे अध्यक्ष भोजराज सकाळीच बजावून गेले होते. "दुपारी सगळ्यायसमोर मी सोता छर्रा टाकून पाहीन. मशीनचा दोष दिसला का सामान उचलाचं. अन् पुढच्या गावायलेबी सांगाव लागन मले, आधीच सांगून ठेवतो."

म्हणजे हंगाम गेला. आणि नाव गेलं ते वेगळंच.

दामिनीनं काच उतरवली. मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा सुरू केला आणि एकेका डोळ्यासमोर धरत गेली. आपल्याला न दिसणारा तो उजेड या कॅमेऱ्यात जांभळा दिसतो. खालचे चारही डोळे मोबाइलवर लख्ख जांभळे लुकलुकले. शंभराच्या घराचा डोळा मात्र विझत्या निखाऱ्यासारखा. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

तार हलवून पाहिली. सोल्डरचा जोड पक्का होता. मग तिनं रुमालाचं टोक ओलं करून डोळ्यावरची काळी काच पुसली. रुमाल काळा झाला. पुन्हा पुसली, पुन्हा काळा. धूळ अशी नसते. तिनं रुमाल नाकाशी नेला. तुपाचा वास.

बक्षिसाच्या डब्यांशेजारी तिची सासू आनंदाबाई शिंगाडे सोलत बसली होती.

"आई, मशीनच्या डोळ्याले काई लावलं होतं का तुमी?"

"काजळ लावलं ना. पाडव्याले, तुमी पूजेसाठी काच काढली तवा." आनंदाबाईनं मानही वर केली नाही. "तुमी दोघं दिवसभर डोळा डोळा करता. वरच्या घरावरच साऱ्यायची नजर असते, म्हून त्याले लावलं. लेकराले लावत नाई का?"

काळ्या काचेवर काळं काजळ. कोणाला दिसणार? दामिनीला हसू फुटलं, आणि अर्ध्यातच विरलं. उजेड कधी पलीकडे पोचत होता, कधी नाही. पोचतच नसेल तर छर्रा आडवा गेला काय अन् न गेला काय, मशीनला सारखंच. म्हणजे तेजराम खरं बोलत होता.

ती टेम्पोपाशी गेली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. योगेंद्रच्या चेहऱ्यावर आधी उजेड पडला, मग विझला.

"आता साफ झाला ना?"

"झाला."

"मंग कोणाले सांगू नको. मायलेबी सांग, गप राह्य."

दुपारी रहाटपाळण्यापासून भज्यांच्या ठेल्यापर्यंतची सगळी माणसं मशीनपाशी लोटली. भोजराजांच्या एका हातात माइक, दुसऱ्यात छर्रा. त्यांनी काच उतरवायला लावून छर्रा शंभराच्या घरात सोडला. घंटी वाजली. पुन्हा सोडला. वाजली. मग त्यांनी उगाच हळू सोडला, जोरात सोडला, आणि घंटी दर वेळी वाजत राहिली.

"मशीन बरोबर हाय!" माइकवरून भोजराज म्हणाले.

दामिनीनं काच परत बसवली. आणि तेवढ्यात सगळ्या माना दुसरीकडे वळल्या. तिथे तेजराम उभा होता, शेजारी त्याची बायको रुखमिणी.

"काय बे तेजराम, एका डब्यापायी खोटं बोलला काय?"

"वहिनी, घरी डबे नाई का जी?"

हशा पिकला. तेजरामचे कान लाल झाले. रुखमिणीनं त्याची बाही ओढली, "चला ना घरी," आणि तो खरंच वळला. आपल्याच गावात, आपल्याच मंडईतून.

दामिनीच्या मुठीत तो काळा रुमाल होता. योगेंद्र तिच्याकडे बघत होता, मान अगदी बारीक हलवत : नको.

"तेजरामभाऊ, थांबा!" तिचा आवाज चिरकला. "मशीन आज बरोबर हाय. त्या दिवशी नोती. तिच्या डोळ्यावर काजळ होतं. हे पाहा. म्या आताच पुसलं. तुमचा छर्रा गेलाच असन."

"काजळ?" कोणीतरी खिदळलं.

"मी लावलं," आनंदाबाई डब्यांआडून ठणकावून म्हणाली. "हासाचं असन तर मले हासा."

भोजराज हसले नाहीत. "म्हंजे दोष होता. मी काय बोललो होतो सकाळी?"

तेव्हा योगेंद्र पुढे आला आणि त्यांच्या हातून माइक घेतला. "तेजरामभाऊले म्या खोटा म्हटलं," तो म्हणाला. "ते खरे होते. खोटा मी." एक डबा उचलून तो तेजरामकडे घेऊन गेला. डबा रुखमिणीनं घेतला. तेजरामनं हात पुढे केला नाही.

"तूच सांग तेजराम," भोजराज म्हणाले. "ठेवाचं का उचलाचं यायचं सामान?"

तेजराम मशीनपाशी आला. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. दांडा पार मागे ओढला आणि सोडला. छर्रा वर उसळला, शंभराच्या घराच्या तोंडाशी गरगरला, आत वळल्यासारखा दिसला, आणि खिळ्यांच्या दाटीत गडप झाला. घंटी वाजली नाही.

गेला होता? दामिनीला तिच्या जागेवरून दिसलं नव्हतं. पुन्हा चुकला का हा डोळा? काचेशी होता तो एकटा तेजराम, आणि आज त्यानं म्हटलं असतं गेला, तर नाही म्हणायला कोणाला तोंड नव्हतं.

तेजराम काचेवर वाकला. काचेला नाक टेकवून त्यानं खिळ्यांच्या दाटीत पाहिलं.

"नाई गेला," तो म्हणाला. "दुसरा छर्रा द्या."