आज कंबर ठणठणीत

"पोरी, हे सगळं आपोआप व्हायला लागलं, तर मी सकाळी उठलो की नाही हे कुणाला कळणार?" असं बाबा म्हणाले होते. मी हसले. म्हाताऱ्या माणसांना नवीन काही नकोच असतं, असं मनाशी म्हटलं आणि माझ्या तान्ह्या यानाचा लंगोट बदलायला घेतला.

बाबा, म्हणजे स्तामेन, बल्गेरियातल्या त्र्यावना या डोंगराळ गावातले निवृत्त हवामान-निरीक्षक. त्यांची एक छोटी वेबसाइट आहे, स्वतःच्या आडनावाच्या पत्त्यावर. रोज सकाळी परसातलं तापमान आणि त्याखाली एक ओळ, एवढंच. वाचणारे चाळीसेक. पण ती एक ओळ चढवायला त्यांना पाऊण तास लागायचा. फाइल लिहायची, पान नव्याने तयार करायचं, मग सगळं हाताने सर्व्हरवर टाकायचं. आठवड्यातून तीनदा काहीतरी मोडायचं आणि मला लांब रुसे शहरात फोन यायचा, "दाफिना, पान पांढरं झालं." तोही नेमका यानाचा डोळा लागला की.

माझा स्वभाव काळजीचा. पाळण्याला श्वास मोजणारी पट्टी लावली होती, तरी मी तासातासाने यानाच्या नाकाखाली बोट धरून बघायची. एक जीव सांभाळताना दुसरीकडची कटकट कमी व्हावी, एवढंच मनात होतं.

एका सुट्टीत जाऊन मी सगळं स्वयंचलित करून टाकलं. परसात सेन्सर लावला, घरात लहानसा संगणक ठेवला. सकाळी सातला त्याने तापमान घ्यायचं, पान तयार करायचं आणि बाबांच्या पत्त्यावर चढवायचं. पहिले तीन दिवस पान चढलं की तो पत्ताच गायब व्हायचा, कारण तो पत्ता ज्यात लिहिलेला असतो ती छोटी फाइल सोबत पाठवायला मी विसरले होते.

"सुरुवात झकास," बाबा म्हणाले. "आधी बापाचं नावच काढून टाकलंस."

तेही दुरुस्त केलं. राहिली ती ओळ. नुसता आकडा उघडाबोडका दिसत होता, म्हणून त्यांच्या जुन्या नोंदींतून शंभरेक वाक्यं निवडली. रोज त्यातलं एक यंत्र उचलणार. वाक्यं त्यांचीच, मग फसवणूक कसली?

फोन थांबले. मी रोज सकाळी दूध पाजता पाजता पान उघडायची आणि निश्चिंत व्हायची. मैत्रिणींना सांगायची, बाबांची आता काळजीच नाही.

नोव्हेंबरात आमच्याकडे हिवाळ्यासाठी तळघरात मिठाच्या पाण्यात कोबी घालून पिंपं भरतात. पाणी नासू नये म्हणून नळीने फुंकून ते ढवळावं लागतं. शेजारच्या त्सोंकामावशी आणि बाबा यांच्यात एकच नळी आहे, आणि ती कुणाकडे किती दिवस राहिली यावरून वीस वर्षं भांडण आहे.

त्या शनिवारी सकाळी बाबा नळी घेऊन तळघरात उतरले आणि शेवटच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल राहिला वर, स्वयंपाकघरात.

सातला पान चढलेलंच होतं: "चार अंश. कोबीला यंदा छान रंग आलाय." मी वाचलं, बरं वाटलं. रविवारी सातला पुन्हा चढलं: "दोन अंश. आज कंबर ठणठणीत, जिना दोनदा चढलो." हे मी यानाच्या बाबालाही वाचून दाखवलं. आम्ही दोघं कौतुकाने हसलो.

त्सोंकामावशींनीही मोबाइलवर तेच वाचलं होतं. एरवी बाबांच्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर त्या फाटकाशी येऊन हाका मारतात. त्या रविवारी त्यांना वाटलं, जिने चढतोय तर बरा असेल. दुपारी मात्र नळी परत मिळाली नाही म्हणून त्या भांडायला गेल्या, आणि तळघराच्या तोंडाशी उभं राहून ओरडल्या, "स्तामेन, कंबर एवढी ठणठणीत आहे तर माझी नळी आणून द्यायला काय झालं?"

खालून उत्तर आलं, "तूच ये. मला जमणार नाही."

बाबा वाचले. मावशींच्या भांडकुदळपणाने वाचले, माझ्या हुशारीने नव्हे.

आता ते घरी परतलेत. रुसेला यायला साफ नकार. मी ती शंभर वाक्यं काढून टाकली. स्वयंपाकघरात कॉफीच्या भांड्याजवळ एक बटण बसवलंय. ते बाबांनी दाबलं तरच नवं पान चढतं, आणि ओळ ते स्वतः लिहितात. कधीकधी मुद्दाम उशीर करतात, माझा फोन यावा म्हणून. मी करते.

पण रुसे लांब आहे, आणि मावशी हिवाळाभर लेकीकडे गेल्यात. म्हणून आजच्या दिवसापुरती पानावरची ही जागा बाबांकडून मागून घेतली. तुम्हा चाळीस जणांना एक विनंती आहे. सकाळचे नऊ वाजून गेले आणि पानावरची तारीख कालचीच दिसली, तर त्यांना फोन करा. बराच वेळ वाजू द्या, काठी हाताशी यायला वेळ लागतो. उचलला नाही आणि तुम्ही त्र्यावनात असाल, तर सरळ घरी जा. निळ्या फाटकाची कडी वरून हात घालून निघते.

आधी तळघर बघा.