न उडालेले अकरा तास

"इळा ठिवला, खुरपं ठिवलं, ट्रॅक्टरची चावी ठिवली. आता ही वही बी पूजेला? हिनं कोणतं गवत कापलंय?"

इंद्रायणीबाई पुटपुटल्या, आणि तरीही माझ्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलंच. खंडेनवमीला पिंपळवंडीत ज्याच्या त्याच्या कामाचं हत्यार पुजतात. त्यांच्या लेकीचं, तेजस्विनीचं, हत्यार मी.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, वैमानिकाची. किती तास उडालं, कोणाबरोबर उडालं, ते माझ्यात लिहितात. तेजस्विनीनं मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

सुरुवातीची पानं शिक्षकांबरोबरच्या उड्डाणांची. मग एका सकाळी सर विमानातून उतरले आणि म्हणाले, "जा, एकटी फेरी मारून ये." ती डावीकडे, उजवीकडची खुर्ची रिकामी. बारा मिनिटं! उतरल्यावर रिवाजाप्रमाणे मैत्रिणींनी तिच्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या. ओल्या हातानंच तिनं नोंद केली. ती शाई फुटलेली ओळ माझी सगळ्यांत लाडकी.

पुढे एकदा एकटीच लांब निघाली असताना समोर ढग दाटले. विचारायला कोणी नव्हतं. तिनं विमान वळवलं आणि परत आली. मित्रांनो, हात काय, सगळ्यांचेच बसतात. पण 'आता काय करायचं' याचं उत्तर आपलं आपण द्यायची सवय त्या रिकाम्या खुर्चीशेजारीच लागते. मागे दीडशे माणसं बसवून कप्तान होणाऱ्याला हीच शिदोरी पुरते.

मग विमान बिघडलं. तीन आठवडे जागचं हललं नाही. परवान्याची तारीख तोंडावर आणि एकटीनं उडायचे अकरा तास कमी. सर म्हणाले, "लिहून टाक. सगळेच लिहितात." शेडच्या सावलीत, एका बैठकीत, एकाच पेनानं तिनं अकरा तास लिहिले. मला पान मिटून घेता आलं असतं तर! वहीला तेवढंही येत नाही.

नोकरी लागली. गावात फ्लेक्स लागला, शेजारच्या गेणभाऊंनी तिला फेटा बांधला. सात वर्षं ती उजवीकडच्या खुर्चीत, सहवैमानिक. काम चोख. पण आभाळ बिघडलं की तिची मान आपोआप डावीकडे वळते, कप्तानाकडे.

आता कंपनीनं तिला त्या डाव्या खुर्चीसाठी बोलावलं आहे. अर्जात एक ओळ आहे, 'माझ्या वहीतल्या सर्व नोंदी खऱ्या आहेत', आणि खाली सहीची जागा. मुदत उद्याची. गेल्या वर्षी हाच अर्ज आला तेव्हा तिनं तब्येतीचं कारण सांगितलं होतं.

पूजा आटोपते न आटोपते तोच गेणभाऊ दारात. "काय कप्तानीणबाई, पेढं कवा?"

"पुढच्या साली बघू, काका."

"आवो, पुढच्या सालाला इमान काय आमच्या बैलगाडीवाणी थांबतंय व्हय?"

"दमलीय ती. लई जागरणं व्हत्यात," इंद्रायणीबाई घाईघाईनं म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. तेजस्विनीचे वडील, सुभाषराव, समईची वात सारखी करू लागले. मला तपकिरी कव्हर घातलं ते त्यांनीच. त्या दिवशी ते एका पानाशी बराच वेळ थांबले होते.

मित्रांनो, तुमच्याही दप्तरात वह्या असतील. कोपरे दुमडा, शाई सांडा, आम्ही सोसतो. फक्त जे केलं नाही ते आमच्यात लिहू नका. तुम्ही विसरायचं ठरवता, आम्हाला ते जमत नाही.

गेणभाऊ गेले. सुभाषरावांनी मला पूजेतून उचललं, ते पान उघडून लेकीपुढे ठेवलं आणि खाली बघतच बोलले.

"तेजू, ह्या तारखांच्याच आठवड्यात मी लाडू घिऊन तुला भेटाया तिथं आलतो. इमानाचं इंजिन खाली काढून ठिवल्यालं व्हतं. इतकी वर्सं गप ऱ्हायलो, माझंबी चुकलं. पर हे अकरा तास तू उडालीच न्हाईस, पोरी."