अठ्ठावीसचा आकडा

मित्रांनो, गॅसच्या सिलिंडरला कुणी निळा रंग दिला, तर तो जसा दिसेल तशी मी दिसते. मी एक जुनी प्रेशर टाकी आहे. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात, एका कौलारू घराच्या मागच्या पडवीत, चिऱ्याच्या चौथऱ्यावर मी चौदा वर्षं उभी होते. आता त्याच पडवीच्या कोपऱ्यात आडवी पडले आहे. असं का झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी पत्र्याचं पोट, आणि त्या पोटात जाड रबराचा एक फुगा. फुग्यात पाणी भरतं, आणि फुगा व पत्रा यांच्यामध्ये हवा असते. विहिरीवरची मोटर पाणी ढकलते, तसा फुगा फुगतो आणि हवा दाबली जाते. मोटर थांबली की तीच दाबलेली हवा पाण्याला घरभर पोचवते. माझं सगळं आयुष्य त्या मूठभर हवेवर चालतं. माझ्या अंगाला सायकलच्या ट्यूबला असतो तसा एक वॉल्व्ह आहे. तिथून हवा भरता येते, आणि सोडताही येते.

मला या घरात रमजान यांनी आणलं. त्यांनी बावीस वर्षं बहरीनमध्ये मोठमोठ्या इमारतींचे पंप सांभाळले होते. गावी परत आल्यावर सगळ्यांनी त्यांना सांगितलं, छपरावर टाकी बसवा. पण कौलांवर टाकी ठेवणार कुठे? म्हणून त्यांनी मला आणलं. मला टेम्पोतून उतरवताना गावातला वायरमन भागोजी हसला होता.

"चाचा, पाण्याला पण सिलिंडर लावलात?"

"लावला," रमजान म्हणाले. "आता नळ सोड, आणि मग हस."

भागोजीने नळ सोडला. पाणी इतक्या जोरात आलं, की त्याचा शर्ट पोटापर्यंत भिजला. तेव्हापासून गावात कुणाची मोटर अडली, की भागोजी आधी रमजानचाचांना विचारून जायचा.

रमजान वर्षातून दोनदा मला तपासत. एकदा पावसाआधी, एकदा पावसानंतर. आधी मोटरचं बटण बंद. मग माझ्या पायाशी असलेला नळ उघडून पोटातलं सगळं पाणी ते बाहेर सोडत. ते पाणी मागच्या अळवाच्या वाफ्यात जाई. मी पूर्ण रिकामी झाले, की ते वॉल्व्हला हवेचा दाब मोजायचं गेज लावत. अठ्ठावीस पौंड. कमी असेल तर सायकलच्या पंपाने हवा भरत. मोटर तीसला सुरू होते, म्हणून हवा तिच्या दोन खाली, असं ते स्वतःशीच म्हणत. एकदा त्यांनी ऑइलपेंटने माझ्या पोटावर मोठ्या अक्षरात २८ लिहिलं. बाकी काही लिहिलं नाही. बाकीचं त्यांच्या हातांना पाठ होतं.

त्यांची मुलगी उमैमा मुंबईला एका कॉलेजात शिकवते. सुट्टीत ती घरी आली, की पडवीच्या दुसऱ्या टोकाला पुस्तक घेऊन बसायची. रमजान तिला हाक मारत.

"ये गो, हे एकदा बघून ठेव."

"आले अब्बा, एवढं पान झालं की."

पान कधी संपलं नाही. रमजानही रागावले नाहीत. त्यांना ती वाचताना दिसली, की तेही हळू आवाजात काम करत.

या जानेवारीत रमजान गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकले, आणि उठले नाहीत. त्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी माझ्यातून गेलं. त्या दिवशी नळ एकदाही अडखळू नये, एवढंच माझ्या हातात होतं. तो अडखळला नाही.

मागे राहिल्या कनीज, रमजान यांच्या पत्नी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून डावा हात चालत नाही. पण रमजान यांनी न्हाणीत खुर्चीच्या उंचीवर एक नळ बसवून दिला होता. त्याच्यासमोर बसून कनीज उजव्या हाताने स्वतःचं स्वतः धूत. नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचा पाच वेळचा वुजू त्या कुणाच्या मदतीशिवाय करत. बादली-तांब्याने ते जमलं नसतं. एका हाताने तांब्या धरायचा, की हात धुवायचा?

कनीज आता इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, असा त्यांच्यात रिवाज आहे. उमैमाने कॉलेजातून रजा घेतली आणि ती आईजवळ राहिली. तिचा धाकटा भाऊ साकिब दोह्याहून फोन करायचा. फोन पडवीत स्पीकरवर घेतला जाई, म्हणून मी सगळं ऐकलं.

"इद्दत संपली की अम्मीला मुंबईला घेऊन जा, आपा. गावात तिचं एकटीचं चालायचं नाही."

"ती यायची नाही. शेजारची हौसा दिवसभर सोबतीला राहायला तयार आहे."

"आणि घरात काही बिघडलं तर? हौसा मोटर बघणार?"

"मी सगळं लावून देऊन जाईन. इद्दत संपेपर्यंत घर नीट चाललं, तर ती इथेच राहील. कबूल?"

साकिब म्हणाला, "कबूल."

मित्रांनो, त्या दिवसापासून उमैमाने घरातली एकेक वस्तू तपासायला घेतली. फेब्रुवारीत ती माझ्यासमोर आली. तिच्या हातात अब्बांचं गेज होतं. तिने मोटरचं बटण बंद केलं, तेवढं तिला ठाऊक होतं. पण पायाचा नळ तिने उघडला नाही. मी पाण्याने भरलेली असतानाच तिने गेज लावलं.

काटा बेचाळीसवर गेला.

तिने माझ्या पोटावरचा आकडा पाहिला. परत गेज पाहिलं. ती हवा बेचाळीस नव्हती. पाणी हवेला रेटत होतं, त्या रेट्याचा तो आकडा होता. पण हे तिला कोण सांगणार?

"अब्बा अठ्ठावीस लिहून गेलेत," ती पुटपुटली. "ही वाढलीय."

आणि तिने नखाने वॉल्व्हची पिन दाबली. माझी हवा सूं करत निघाली. काटा अठ्ठावीसवर येईपर्यंत ती थांबली. मग तिने ओल्या फडक्याने तो आकडा पुसून स्वच्छ केला. इतक्या मायेने मला त्याआधी कुणी पुसलं नव्हतं.

मार्चमध्ये काटा पुन्हा चाळिशीच्या वर. "उन्हानं हवा फुगत असेल," असं तिने ठरवलं, आणि पुन्हा पिन दाबली. एप्रिलमध्ये आणि मे लागताच पुन्हा तेच झालं. दर महिन्याला ती अब्बांचा आकडा जुळवत होती, आणि दर महिन्याला माझा श्वास कमी होत होता. माझ्याजवळ ओरडायला तोंड नव्हतं. होती ती एकच खूण, ती मी केली. हवा नसली की टाकी पाणी धरून ठेवू शकत नाही. मग नळाचं चार थेंब पाणी घेतलं तरी मोटर सुरू होते, आणि लगेच बंद होते. माझ्या शेजारचा, मोटर चालू-बंद करणारा स्विच दिवसभर टकटक करू लागला.

आतल्या खोलीतून कनीज म्हणाल्या, "मोटर अशी सारखी सारखी काय गो बोलते?"

"मी हवा बघितलीय अम्मी. बरोबर आहे."

तिने भागोजीलाही फोन केला. तो आंब्याच्या बागेत होता. मे महिना लागला होता, आणि गावातले सगळे हात पेट्या भरण्यात गुंतले होते.

"टाकीतली हवा बघा ताई आधी."

"बघितली. अठ्ठावीस आहे. अब्बांनी लिहिलंय तेवढीच."

"मग हवेचा प्रश्न नाय. चाचांचा आकडा चुकायचा नाय. स्विच असेल. एवढा आंबा उतरला की येतो."

दोघांचाही चाचांवर पूर्ण विश्वास होता. त्या विश्वासात माझी टकटक कुणाला ऐकू येणार?

इद्दत संपायला चार दिवस होते. दुपारी कनीज वुजूला बसल्या. नळ सुरू, मोटर सुरू; नळ बंद, मोटर बंद; पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मोटरने एक लांब हुंकार दिला, आणि पडवीत जळक्या रबराचा वास पसरला. नळातून आलेली धार बारीक होत होत थांबली. कनीज उजवा हात पुढे धरून तशाच बसून राहिल्या.

उमैमा धावत विहिरीवर गेली. दोराने पाणी ओढून तिने बादली आणली, आणि आईच्या हातावर पाणी घातलं.

"माझ्या हातानं झालं असतं," कनीज म्हणाल्या. पण त्यांनी हात मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजी आला. त्याने विहिरीवरची जळलेली मोटर काढून आणली, हुंगली आणि बाजूला ठेवली. मग बोटाच्या पेराने त्याने मला वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिलं. सगळीकडे एकच भरीव आवाज.

"ही तर गळ्यापर्यंत पाण्यानं भरलीय. हवा हायच कुठं?"

"असं कसं? दर महिन्याला बघते मी."

"पाणी सोडून बघता ना?"

उमैमाने माझ्या पोटावरच्या आकड्याकडे पाहिलं.

"रिकामी करून बघायची असते, ताई. भरलेल्या टाकीत गेज पाण्याचा जोर दाखवतं. तुम्ही काय केलंत, हवा भरलीत?"

"सोडली," ती म्हणाली. "चार वेळा."

भागोजीने डोक्यावरची टोपी काढली, आणि पुन्हा घातली. "चुकी माझी हाय. फोनवर विचारायला पायजे होतं."

तेवढ्यात आतल्या खिडकीतून कनीज यांचा आवाज आला. इद्दतीत त्या परक्या पुरुषासमोर येत नव्हत्या, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ते आधी सगळं पाणी अळवाला सोडायचे. मगच तो आवाज यायचा, हवेचा."

उमैमा खिडकीकडे वळली. "तुला माहीत होतं, अम्मी?"

"चौदा वर्षं ऐकत आले. या वेळी पाण्याचा आवाज आधी आला नाय, ते माझ्या ध्यानात आलं होतं. मला वाटलं, तू एवढी शिकलेली, तुझी काय वेगळी रीत असेल. मी काय सांगू मशीनमधलं?"

"आणि मला वाटलं, तुला काय विचारू मशीनमधलं," उमैमा म्हणाली.

भागोजीने पाना घेतला. त्याने माझं पाणी सोडलं. अळवाचा वाफा भरून वाहिला. रिकामी झाल्यावर त्याने वॉल्व्हची पिन दाबली. तिथूनही पाणीच आलं. माझा फुगा फाटला होता. ताणून ताणून रबर थकतं, आणि जुन्या टाकीचा फुगा आता इथे मिळत नाही. त्याने मला चौथऱ्यावरून उतरवलं आणि कोपऱ्यात आडवं ठेवलं.

साकिबला फोन करताना उमैमाने काहीच लपवलं नाही. "मोटर जळली. माझ्या हातून जळली." नवी मोटर, नवी टाकी, सगळं येईल, पण बसवायला कोण, पाहायला कोण, हे ती स्वतःच एकेक करून बोलत गेली. कबूल केलेली गोष्ट तिने पाळली. इद्दत संपली, आणि पाचव्या दिवशी मुंबईच्या गाडीसाठी रिक्षा दारात आली.

निघण्याआधी कनीज न्हाणीतल्या खुर्चीवर बसल्या. उमैमा शेजारी तांब्या घेऊन उभी राहिली.

"हळू घाल गो. बाही भिजवतेस."

"घालते हळू."

रिक्षा गेली. हौसाने मागचं दार लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी टाकी असेल, तर आधी मोटर बंद करा. मग टाकीतलं सगळं पाणी सोडा, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. हवा त्यानंतर मोजा. मोटर ज्या आकड्याला सुरू होते, त्याच्या दोन खाली ती ठेवा. आणि घरात कुणी काम करता करता "बघून ठेव" म्हणालं, तर पुस्तक उपडं ठेवून उठा. ते माणूस गेलं असेल, तर त्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं ज्यांनी ते काम ऐकलं, त्यांना विचारा. त्यांना काय कळतंय, असं समजू नका.

आधी पाणी सोड, उमैमाला मला एवढंच सांगायचं होतं. पिन दाबून ती माझ्यासमोर बसायची, तेव्हा तिचा कान माझ्यापासून वीतभरच दूर असायचा. तिला ऐकू जायचा तो फक्त हवेचा आवाज.